निरोप्या रिकामा होता

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या केंद्राचं सॉफ्टवेअर मी नव्या फ्रेमवर्कवर, म्हणजे नव्या सांगाड्यावर नेलं आणि यवतमाळभर कॉलर ताठ करून फिरले. एकही एरर नाही! पंधरा दिवसांनी, मंगळवारी, पांढरकवड्याहून नर्स सत्यशीलाताईंचा फोन आला. "प्रेरणा, गोळ्या येऊन पडल्या, न्यायले कोणीच येऊन नाई राह्यलं. झरीकडची पायल आज अॅडमिट झाली. निरोप गेलते काय?"

झरीकडच्या गावांतून केंद्रात यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. म्हणून गोळ्या आल्या की सॉफ्टवेअरच बुधवारी चार वाजता घरोघरी फोन लावतं. तो आल्याशिवाय कोणी निघत नाही. पायलची आई भागीरथा त्यासाठी दर बुधवारी टेकडी चढते, कारण गावात नेटवर्क नाही.

कोड उघडला. निरोप धाडणारा भाग 'निरोप्या' नावाच्या प्रॉपर्टीत, म्हणजे कोडमधल्या एका खणात बसायचा. जुनं फ्रेमवर्क ती आपणहून भरायचं. नवं मात्र कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे अगदी सुरुवातीला मागितलं तेवढंच देतं, प्रॉपर्टीकडे ढुंकूनही पाहत नाही. ती रिकामीच राहिली होती. वर माझीच जुनी ओळ: निरोप्या नसेल तर गप्प पुढे जा. टेस्टिंगला कटकट नको म्हणून लिहिलेली. स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

प्रॉपर्टी इंजेक्शन करणारा, म्हणजे असे खण आपणहून भरणारा कंटेनर जोडला आणि ती ओळ उडवली. सकाळी पांढरकवड्याची पहिली बस धरली.

दवाखान्यात सोळा वर्षांची पायल सलाईन लावून कण्हत पडली होती. भागीरथा उठली. "मॅडम, दोन्ही बुधवारी टेकडीवर गेलती मी. दिवस बुडेपर्यंत फोन हातात धरून बसली. मले वाटलं, या पोरीनंच खेळून खेळून फोन बिघडवला. लय बोलली तिले."

"फोन चांगला हाये, मावशी. चुकी माही झाली. माह्यामुळं निरोप गेलेच नाई."

ती परत पोरीजवळ जाऊन बसली. बुधवारच होता; मी चार वाजेपर्यंत तिथेच बसून राहिले.

चारला उशाजवळचा फोन वाजला. गोळ्या आल्यात, घेऊन जा, एवढाच रेकॉर्ड केलेला निरोप. भागीरथानं तो शेवटपर्यंत ऐकला. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पोरीच्या कानाशी वाकली.

"पायल, तुया हातानं काई नव्हतं बिघडलं व माय."