पाण्यात गेलेले बाबा

"अगं, पण मी बुडालो कधी?" मिस्त्रींनी बायकोला विचारलं.

मुलीच्या गाण्याचा व्हिडिओ मोबाइलवर नुकताच संपला होता. मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. गाणं त्यांना तोंडपाठ होतं. मुलीनं ते ओट्याला टेकून गुणगुणत रचलं, तेव्हा पहिले श्रोते हे दोघंच. लहानपणी ती बाबांबरोबर कामावर गेली होती आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकली होती. मिस्त्री वरच्या मशीन रूममध्ये हातानं चाक फिरवत लिफ्ट खाली आणत होते, आणि पोर घाबरू नये म्हणून सारखे ओरडून सांगत होते, "आता मजला येईल हं, आता दार येईल, आलीसच तू." गाण्यात तेच होतं. 'काळोखात तुझा आवाज, त्याला धरून मी उतरले.'

व्हिडिओत मात्र लिफ्ट औषधालाही नव्हती. समुद्र होता. लांब कोट घातलेला, दाट पांढऱ्या केसांचा एक देखणा म्हातारा पाण्यात चालत निघाला होता. मुलगी काळ्या झग्यात किनाऱ्यावर उभी राहून 'बाबा, बाबा' म्हणत होती. शेवटी वाळूवर नुसते त्याचे बूट.

"बूट भारीतले आहेत," बायको म्हणाली.

"ते राहू दे. हा कोण?"

"तुम्हीच असणार. बाबा म्हणतेय ना त्याला!"

मिस्त्रींनी आपल्या टकलावरून हात फिरवला.

गाणं बघता बघता ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. मिस्त्री ज्या इमारतीची लिफ्ट वर्षानुवर्षं सांभाळत होते, तिथल्या रखवालदारानं त्यांना कोपऱ्यात घेतलं. "मिस्त्री, राग मानू नका. तुम्ही तिचे सावत्र का?"

"अरे, सख्खा बाप आहे मी!"

"असं मानता, हाच तुमचा मोठेपणा," रखवालदार म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. मिस्त्री जिना चढून मशीन रूममध्ये गेले.

घरी हा किस्सा ऐकून बायको पोट धरून हसली. पण मग शेजारणीनं तिला हळूच विचारलं, "तुमचे पहिले यजमान जहाजावर होते का हो?" तेव्हा तिचं हसू मावळलं.

"तुम्ही जाऊन विचारा तिला," ती म्हणाली. "मी गेले तर ती धड बोलायची नाही."

मुलीच्या घरी व्हिडिओचा दिग्दर्शकही बसला होता. तरुण, नम्र मुलगा. त्यानं उठून मिस्त्रींना खुर्ची दिली.

"काका, गाण्यात जे आहे तेच दाखवलं तर चित्राचा उपयोग काय? गाणं विश्वासाबद्दल आहे. म्हणून आम्ही विरह दाखवला."

"म्हणजे उलटं?"

"उलटं नाही. आतलं."

मिस्त्रींनी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही. "आणि लिफ्ट?"

"लिफ्टमध्ये ती लहान वाटते, काका. सांभाळलेली. लोकांसमोर तिची ओळख वेगळी हवी. एकटी, धीट, थोडी दुखावलेली."

"एकटी?" मिस्त्रींनी मुलीकडे पाहिलं. "तू एकटी आहेस?"

"दिसायला, बाबा." मुलगी झग्याच्या बाहीशी चाळा करत होती.

दिग्दर्शक फोन घ्यायला बाहेर गेला, तेव्हा ती जवळ येऊन बसली. "चिडलात?"

"चिडायला आधी कळायला तर हवं! तुला पटलं का हे?"

ती म्हणाली, "तेव्हा पटलं होतं. सगळे इतकं छान बोलत होते. पण आता गंमत अशी झालीय बाबा, की पूर्वी हे गाताना मला लिफ्ट दिसायची. वरून येणारा तुमचा आवाज ऐकू यायचा. आता डोळे मिटले तरी तो माणूसच दिसतो, पाण्यात जाताना. मी खूप प्रयत्न करते. लिफ्टचं दारच आठवत नाही."

"जाळीचं होतं," मिस्त्री म्हणाले. "हिरव्या रंगाचं."

"हिरवं?" मुलीनं विचारलं, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकत होती.

कार्यक्रमाचा पास तिनंच पाठवला होता. बायकोनं यायचं नाकारलं. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच गेले आणि मधल्या रांगेत बसले. मुलगी गायला लागली आणि तिच्यामागच्या भल्यामोठ्या पडद्यावर समुद्र आला. मिस्त्रींनी डोळे मिटून मशीन रूम आठवायचा प्रयत्न केला. तेलाचा वास, हातातलं चाक, खालून येणारं पोरीचं रडणं. पण लाटांचा आवाज गाण्यात मिसळून टाकला होता. शेवटी त्यांनी डोळे उघडले.

शेजारची बाई मुसमुसत होती. "बिचारी! बाप असा गेला हिचा," ती म्हणाली. मग मिस्त्रींचेही गाल ओले पाहून तिनं आवाज हळू केला. "तुमचं कुणी गेलंय का हो, असं?"

मिस्त्रींनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

म्हातारा कमरेपर्यंत पाण्यात पोचला होता. पुढे काय होतं ते मिस्त्रींना पाठ होतं. तरी ते खुर्चीच्या कडेला सरकले, आणि त्या परक्या माणसाला हाक मारावी, 'अहो, मागे फिरा, पोरगी बोलावतेय,' असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं.