भूकंपकुमाराचे पाय

सत्तावन्न सालची गोष्ट. मुंबईची एक पिक्चर कंपनी कर्नाळ्याला शूटिंग करणार होती आणि तिला पंधरा वर्षांचा भूकंपकुमार हवा होता. त्यानं पाय आपटला की म्हणे धरणी फाटते आणि राक्षस आत जातो. पनवेलच्या एका भातगिरणीच्या आवारात पोरांची निवड ठेवली होती. मिठागरावरचा दिवस बुडवून कोन गावची जनी आपल्या तुळशीरामला घेऊन तिथे आली. वाटभर तिनं त्याला एकच पढवलं होतं, "सायेब काय बी बोलू दे, तू हो म्हन." पोरगा पडद्यावर दिसायला हवा, एवढंच तिच्या मनानं घेतलं होतं. आणि जनीच्या मनानं घेतलं की संपलंच.

वकिलाचा कमळाकर गोरापान, इस्त्रीच्या कपड्यांतला. त्यानं डोळे वटारून पाय आपटला, तर धुळीनं त्यालाच ठसका लागला.

तुळशीरामला हे काम कुणी शिकवायला नको होतं. मिठागरात पाणी घेण्याआधी तळ टाचांनी चोपून घट्ट करावा लागतो. आठव्या वर्षापासून तो आईच्या रांगेत उभा राहून तेच करत आला होता. त्यानं सगळं अंग टाचेवर टाकलं. साहेबांच्या टेबलावरची कपबशी खडखडली.

साहेब उठून उभे राहिले. दोनदा, तीनदा करायला लावलं. मग वाक्य म्हणायला सांगितलं.

"पाप्या, तुजा काल जवल आला हाय," तुळशीराम गरजला. आवारभर हशा पिकला.

साहेबांनी त्याची रापलेली हनुवटी वर करून चेहरा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि मदतनिसाला म्हणाले, "पाय याचे घेऊ. चेहरा त्या कमळाकरचा. चालेल ना रे पोरा?"

"हो," तुळशीराम म्हणाला. शिकवलं होतं तसंच.

जनीच्या अंगाची लाही लाही झाली. साहेबांपेक्षा तिला स्वतःचाच राग आला. ती पुढे झाली.

"नाय. पाय पायजेत तं वरचा मानूस बी घ्यावा लागंल."

"अहो बाई, पाय कुणाचे ते लोकांना कळणारसुद्धा नाही."

"तेच तं सांगतंय मी."

पोराचं मनगट धरून ती चालू लागली. फाटकाशी त्यानं हात सोडवून घेतला. त्याचे डोळे भरले होते.

"आये, मी हो म्हनलो व्हतो."

"मीच शिकवलं तुला. माजं चुकलं."

तेवढ्यात मदतनीस धावत आला. "आईचं राहू दे. पोरा, तू सांग. येतोस ना?"

जनीच्या ओठांवर उत्तर आलं होतं, ते तिनं गिळलं. पाय पोराचे होते.

तुळशीरामनं बाहीला नाक पुसलं. "सगला घेता का मना?"

मदतनिसानं त्याच्या पायांकडे पाहिलं.

"मंग नाय," तुळशीराम म्हणाला आणि आईच्या पुढे चालू लागला.