थंड गाडीवर हात

मोटार घ्यायची तर घोड्यासारखी पारखून घ्यायची, असं मी म्हणाले तेव्हा माझा मुलगा खलील हसला आणि त्याची बायको नूरबानो पदराआड हसली. हसू दे. चौक गावात तीस वर्षं आमचे टांगे होते. नवरा गेल्यावर बारा वर्षं तो धंदा मी एकटीनं ओढला. खालापूर महालात कुणाला घोडा घ्यायचा असला की माणूस आधी माझ्या दारात यायचा. मला अक्षरं जुळवून वाचता येतात तेवढीच, पण जनावर चार पावलं चाललं की ते कुठं दुखतंय ते मला दिसायचं.

ही गोष्ट सन चौतीसच्या थंडीतली. तोवर आमच्या तबेल्यात लाकडं भरली होती. चार वर्षांपूर्वी माझा थोरला, सुलेमान, खंडाळ्याहून टांगा घेऊन बोरघाट उतरत होता. उतारावर घोडा गुडघ्यावर बसला आणि टांगा कठड्यावरून खाली गेला. घोडा गेला, सुलेमान गेला. बाकीचे घोडे मी महिन्याभरात विकून टाकले. लोक म्हणाले, चाक निखळलं असेल. मी म्हटलं, असेल.

खलील खोपोलीच्या वीजघरात मिस्त्री. चौकापासून आठ मैल. सकाळची पाळी सहाला आणि गावातून पहिली सर्विस मोटार सुटायची आठला. मग काय, सायकल. त्या पावसाळ्यात त्याच्या छातीत कफ बसला तो दिवाळी झाली तरी हलेना. एक दिवस जेवता जेवता तो म्हणाला, "अम्मा, आता माझ्यानं नाय होत. एक तर जुनी मोटार घेऊ, नायतर खोपोलीत खोली बघतो. नूरला आन् बाळाला तिकडंच नेतो."

"आन् मी?"

"तू पण चल ना."

"मी? नळाच्या रांगेत हंडा घेऊन उभी राहू?"

तो ताटात बघत बसला. म्हणजे सगळं साफ होतं. मोटार मिळाली तर माझा उरलेला मुलगा रोज संध्याकाळी घरी येणार. नाही मिळाली तर ईदला येणार.

"कसली पायजे तुला?" मी विचारलं.

"तेल कमी पिणारी. दुरुस्तीला मी हाय. आन्..." इथं तो जरा लाजला. "चालवायला जरा मजा यावी. रोजचं जाणं हाय, अम्मा. मयत वाहिल्यासारखं जायचं का?"

माझ्या घरात मजा हा शब्द चार वर्षांनी निघाला होता. मी म्हटलं, बघ मग मजेची.

रविवारी तो कर्जतहून बावामियाँ दलालाला घेऊन आला. दारापुढं निळी मोटार, तिच्यात बावामियाँ, नवाबासारखा टेकून. माझे हात पिठात होते ते तसेच राहिले. हा माणूस आता मोटारी विकत होता, पण आधी नेरळला घोडे विकायचा. सुलेमानचा शेवटचा घोडा, तो तांबूस कुम्मैत, याच्याच हातचा. खलीलला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा तो मुंबईत काम शिकत होता. ठाऊक होतं ते मला आणि बावामियाँला. दारातून परत पाठवावा तर खलील कारण विचारणार. मी सलामाचा जबाब दिला.

गाडी देखणी होती, खोटं कशाला बोलू. दिवे असे घासलेले की नूरबानोनं त्यात बघून कपाळावरचे केस सारखे केले. खलील ती घेऊन लोधिवलीपर्यंत गेला आणि परत आला तो डोक्यावरची टोपी हातात, केस उभे.

"अम्मा, काय पळते गं! वाटेतल्या म्हशीसुद्धा बघत राहिल्या."

चार वर्षांत त्याचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

"काय सफुराबी," बावामियाँ म्हणाला, "गाडीचे दात बघायचे का?"

"तिचं तोंड बंद हाय. तुझं उघडं हाय, त्यातले मोजते. किती उरले रं?"

तो हसला. मी गाडीभोवती फिरले. खुरं बघावीत तशी चाकं बघितली, खाली वाकून तेल गळतंय का बघितलं. मग पुढच्या झाकणावर हात ठेवला. चटका बसला.

घोडेवाल्यांची एक लबाडी असते. ज्या घोड्याच्या सांध्यात दुखणं मुरलंय तो अंग थंड असताना लंगडतो. तोच तासभर पळवून आणला की सांधे सुटतात आणि गडी नवरदेवासारखा सरळ चालतो. म्हणून घोडा बघायचा तो पहाटे, ठाणावरून सोडताना. आमच्या धंद्यात पोरासोरांनाही हे ठाऊक.

"गरम हाय," मी म्हटलं.

"कर्जतवरून नऊ मैल आलीय, सफुराबी. गरम नसंल तर काय बर्फ असंल?"

"मग थंड होऊ दे. थंड झाली की चालू करून दाखव."

"मला येळ नाय. खोपोलीचं गिऱ्हाईक थांबलंय. आज नाय घेतली तर संध्याकाळी गेली समजा."

"अम्मा," खलील हळूच म्हणाला, "मोटारीला सांधे नसतात गं."

"असू दे नसू दे. पावणा जेवल्याबिगर जातो का या घरातनं? नूर, ताट वाढ."

यावर कुठल्याही कोकणी मुसलमानाला उठता येत नाही. बावामियाँ बसला. मटण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. एक भाकरी संपली की मी दुसरी टाकायचे, आणि तव्याखालचा जाळ मुद्दाम मंद ठेवला होता. अंगणातलं ऊन गाडीवरून सरकलं, भिंतीवर चढलं. चौथी भाकरी वाढली तेव्हा त्याला कळलं. त्यानं हात आखडला.

"आज भारी चौकशी करताय, सफुराबी," तो बारीक आवाजात म्हणाला. "त्या येळी तर हात लावून बघितलात आन् गप राहिलात."

खलीलनं मान वर केली. "कुठल्या येळी?"

बावामियाँ पाणी प्यायला. माझ्याकडं बघत होता. त्याला वाटलं ही म्हातारी आता घाबरेल, गाडी घेऊन टाकेल, वर विडा देईल. मला खोटं कारण सुचलंही होतं, जिभेवर तयार होतं. ते बोलले असते तर खलील माझ्या घरात राहिला असता, निळ्या गाडीसकट. पण रोज पहाटे ती गाडी त्याला घेऊन जाणार होती.

मी तवा उतरवला.

"सुलेमानचा कुम्मैत यानं विकला मला," मी म्हटलं. "पौषातली सकाळ होती. सगळ्यांच्या तोंडातनं वाफ निघत होती आन् घोड्याच्या काखेत घाम. मी हात घातला तर हात ओला. मला तेव्हाच कळलं, पळवून आणलाय."

"मग घेतला कशाला?"

"देखणा होता. आन् हा सगळ्यांपुढं म्हणाला, सफुराबीच्या नजरेतनं घोडा सुटत नाय. मी आधीच गावभर सांगून बसले होते, नवा घोडा आणते म्हणून. रिकाम्या हातानं कशी जाऊ?" मी हाताचं पीठ पदराला पुसलं. "त्या दिवशी खंडाळ्यात गिऱ्हाइकासाठी सुलेमान दोन तास वाऱ्यात थांबला होता. घोडा थंड पडला असंल. उतारावर पाय गेला. चाक नव्हतं निखळलं, खलील."

नूरबानो बाळाला घेऊन आत गेली.  खलील उठला, अंगणात गेला आणि गाडी चालू करायचं हँडल त्यानं हातात घेतलं.

एकदा फिरवलं. दहादा फिरवलं. सदरा काढून ठेवला आणि पुन्हा फिरवलं. गाडी दोनदा ठसकली, मागून काळा धूर सोडला आणि निजली. बावामियाँ म्हणत होता, थंडी हाय, तेल गोठलंय, सगळ्याच अशा करतात. खलीलनं झाकण उघडून आत हात घातला, कुठंकुठं कान लावला.

"आतनं झिजलीय," तो म्हणाला. "गरम असली की कळत नाय."

शेवटी आम्हीच ती उतारापर्यंत ढकलली. मीही हात लावला. उतारावर ती चालू झाली आणि बावामियाँ मागं न बघता गेला.

खलील त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तो नूरबानोशी बोलला, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. खोपोलीत खोली बघितलीय. पहिल्या तारखेला मिळेल.

मी रडले नाही. मला रडायचा हक्क चार वर्षांपूर्वीच संपला होता. चौथ्या पहाटे तांबडं फुटायच्या आत मी खोपोलीच्या वाटेनं चालत खालापूरला निघाले. तिथं कचेरीजवळ विमलबाई राहायच्या. त्यांचे वकील यजमान आधी आमच्याच टांग्यानं फिरायचे, मग त्यांनी एक चिमुकली मोटार घेतली होती. आषाढात ते वारले. मोटार पडवीत उभी आहे एवढं मी ऐकून होते.

विमलबाई सडा घालत होत्या. मी आधी पडवीत गेले, मग नमस्कार केला आणि खलीलला कामावर जायला गाडी बघतेय म्हणून सांगितलं. झाकणावर हात ठेवला. दव पडलेल्या दगडासारखं थंड.

"चालू करायला कोण येतं?" मी विचारलं.

"कोण येणार? मीच करते आठवड्यातून एकदा. हे म्हणायचे, उभी ठेवली की मरते." त्यांनी पदर खोचला, हँडल लावलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती गाडी खोकली, थरथरली आणि शेळीच्या करडासारखी जागच्या जागी नाचायला लागली.

"सकाळी तीनदा फिरवावंच लागतं," विमलबाई म्हणाल्या. "डावं दार उघडत नाही. वरचा कापडी टप पावसात गळतो. पुढं दोघं, मागं एखादं मूल. पण एका गॅलनात चाळीस मैल जाते, वहीत आहे त्यांच्या."

"गिऱ्हाइकाला कुणी असं सगळं सांगतं का, बाई?"

"तुमचा मुलगा रोज माझ्या दारावरून जाणार ना? मग मला रोज त्याच्याकडं बघायचंय."

 ते वाक्य ऐकायलाच जणू मी चार मैल आले होते.

संध्याकाळी खलील घरी आला तेव्हा मी एवढंच सांगितलं, "खालापूरला वकिलाच्या पडवीत छोटी गाडी हाय. कामावर जाताना पहाटे थांब. मी काय बोलत नाय. तूच हात लाव."

 दुसऱ्या पहाटे तो सायकल घेऊन गेला. दोन दिवस गेले, तीन गेले. नूरबानोनं भांडी गोणपाटात बांधायला घेतली. शनिवारी दिवस मावळताना रस्त्यावरून पटपट पटपट आवाज आला आणि ती चिमुकली गाडी उड्या मारत अंगणात शिरली. कोंबड्या उधळल्या, बाळ टाळ्या पिटायला लागलं, नूरबानो तोंडावर हात धरून हसली. खलीलची सायकल मागच्या बाजूला सुंभानं बांधली होती. तोही हसत होता. मला बघून थांबला.

"तीन दिवस थांबत होतो," तो म्हणाला. "रोज थंड होती. रोज तिसऱ्या फेऱ्याला चालू झाली."

"खोली?"

"नको सांगितलं." मग टोपी झटकत, माझ्याकडं न बघता, "भाईला हे सांगायला पायजे होतंस, अम्मा. घोडा दिलास तेव्हाच."

"हो."

तेवढंच. त्यानं मला माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही. काही गोष्टी मागायच्या नसतात.

पण तेव्हापासून एक पद्धत पडली आहे. पहाटे पाचला तो कंदील घेऊन अंगणात येतो, हँडल लावतो आणि थांबतो. मी येऊन झाकणावर हात ठेवते. माझा हात उचलेपर्यंत तो हँडल फिरवत नाही. संध्याकाळी तो आत चहा पीत असतो तेव्हा मी पुन्हा एकदा अंगणात जाते आणि झाकण गरम आहे ना, तो परत आलाय ना, ते हातानं बघते.