राखेनं घासलेलं भांडं

मी बेडपॅन बोलतोय. नाक मुरडू नका, एक ना एक दिवस माझ्याशी गाठ पडतेच. कलकत्त्याकडच्या कारखान्यात माझ्यावर पांढरं इनॅमल चढलं, काठाला निळी पट्टी मिळाली आणि १९५३ साली गोंदियाच्या एका दवाखान्यात मी सात नंबरच्या खाटेखाली रुजू झालो.

तिसऱ्या वर्षी, धान कापणीच्या दिवसांत, तिरोड्याकडचा जीवनलाल त्या खाटेवर आला. हातपाय काड्या, डोळे पिवळे आणि पोट नगाऱ्याएवढं. घरी दोनदा रक्ताची उलटी झालेली. मोहाची दारू घेता का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर म्हणाला, "सणावाराले." त्याच्या घरी सण फार असावेत.

डॉक्टरांनी नर्स शामकलाबाईला बजावलं, "लिव्हर आकसून गेलंय. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात. त्या पुन्हा फुटल्या तर टट्टी डांबरासारखी काळी होईल. दिसली की लगेच रक्त चढवायचं." म्हणजे जीवनलालचा जीव आता माझ्यावर अवलंबून होता. नोकरीत पहिल्यांदाच मला महत्त्व आलं.

पण त्याची बायको सुखवंता घरून राखेची पुरचुंडी घेऊन आली होती. राउंडच्या वेळी तिचा भासरा बिसनलाल, म्हणजे जीवनलालचा थोरला भाऊ, खाटेशी उभा असायचा. भासऱ्यासमोर नवऱ्याची घाण? बाई गं, नोको! डॉक्टर यायच्या आत ती मला पदराखाली घालून नळावर न्यायची आणि तोंड दिसेस्तोवर घासायची.

"टट्टी कशी झाली?" डॉक्टर विचारत.

पदर नाकापर्यंत ओढून ती म्हणायची, "चांगली झाली."

डॉक्टर वाकून माझ्यात बघत. मी लखलखीत. दोन दिवस माझ्यात डांबर पडत होतं आणि दोन्ही दिवस कागदावर 'ठीक' लिहिलं गेलं. तिसऱ्या सकाळी मी तिच्या हातून निसटून फरशीवर आपटलो. काठाचा टवका उडाला.

"मेलं, आवाज किती करते!" ती म्हणाली.

त्या आवाजानं शामकलाबाई धावत आली. "काऊन फेकून राहिली वो? हे तं रक्त हाये!"

"रक्त लाल रायते न बाई. मले वाटलं, घाण निघून राहिली. घाण निघाली का मानूस बरा होते."

शामकलाबाईनं डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर धावत आले. बिसनलालनं बाही वर केली आणि रक्त दिलं. पण नाडी हाताला लागेना. दुपारी जीवनलाल गेला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

झाडूवाला मला न्यायला आला तर सुखवंता सोडेना. शेवटचं जे पडलं होतं, त्यावर फडकं झाकून ती मला मांडीशी धरून बसली होती. डॉक्टर आले. भासरा समोरच उभा होता. तिच्या डोक्यावर पदर नव्हता. तिनं फडकं काढलं आणि मला दोन्ही हातांनी पुढे केलं.

"पाहून घ्या, साहेब. म्या फेकलं नाही."

डॉक्टरांनी पाहिलं.

आता चार वर्षं झाली. टवक्याच्या जागी गंज चढला आणि मी सामानाच्या खोलीत पालथा पडलोय. तक्रार नाही. एवढंच सांगतो, घासायचं ते नंतर घासा, मी कुठे पळून जात नाही. आधी दाखवा. भासरा समोर उभा असला तरी.