प्रेमलताबाईंच्या नावाचा बाक

मित्रांनो, वाडीला अमरावती रोडवर, ट्रकांच्या गोदामांमागे एक लहानसं चर्च आहे. त्यातला दाराजवळचा अगदी शेवटचा बाक म्हणजे मी. माझ्या अंगावर पॉलिश आहे, पाठीवर पितळेची पाटी आहे. पाहणारे म्हणतात, किती जपलंय याला! पण खरं सांगू का, मी आज जितका चकचकीत आहे, तितकाच निरुपयोगी आहे.

मला सावनेरच्या नत्थूजी सुतारांनी घडवलं. चर्चसाठी त्यांनी बारा सागवानी बाक केले. अकरा बाकांच्या पाठीला गीतपुस्तकं ठेवायची फळी बसवली. माझी पाळी आली तेव्हा लाकूड संपलं. "याच्या मांगं कोन बसनार हाय गा? भितच त हाय," असं म्हणून त्यांनी मला तसंच सोडलं. माझा एक पायही जरासा आखूड राहिला. कुणी बसलं की माझा 'टक्' असा आवाज व्हायचा.

तो आवाज प्रेमलताबाईंना फार प्रिय होता. बाई निवृत्त नर्स. त्या स्वतः माझ्यावर कधीच बसल्या नाहीत. माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायच्या. प्रार्थनेत डोळे मिटलेले असले, तरी 'टक्' झालं की त्यांना कळायचं, कुणीतरी नवीन आलं. मग गाण्याचं पान उघडून गीतपुस्तक त्या माणसाच्या हातात जायचं.

बाईंनी एक रीतच पाडली होती. मंडळीतल्या कुणी माझ्यावर बसायचं नाही. उशिरा आलेले लोक गयावया करायचे, "बाई, इथंच टेकू द्या. पुढं जायची लाज वाटते."

"लाज वाटते त टाइमावर येत जा! हे तुमचं घर होय. घरचा मानूस दारात बसते का? हा बाक पाहुन्याचा."

असे कितीतरी पाहुणे माझ्यावर बसून गेले. धम्मानंद नावाचे एक ट्रक ड्रायव्हर यायचे. ते बौद्ध. "मी प्रार्थनेले नाही येत बाई, गानं आयकाले येतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"आयक ना बाबा. गान्याले का तिकीट लागते?" बाई म्हणाल्या.

आणि एका रविवारी रुपराव आले. ते गोदामात पोती उचलायचे. आत शिरले, माझ्यावर बसले आणि नुसते रडत राहिले. त्यांची तीन वर्षांची पायल तापाने फणफणून दवाखान्यात पडली होती. बाईंनी त्यांना उपदेश केला नाही. चालू उपासनेतून उठल्या, ऑटो बोलावला आणि त्यांच्यासोबत निघाल्या. आठ दिवस त्या पोरीच्या उशाशी बसल्या. पायल वाचली. सावनेरला, आपल्या गावी परत जाताना रुपराव सांगायला आले, "बाई, पोरीच्या लग्नाले तुमाले यावंच लागन."

"येईन ना, जित्ती राह्यले त!"

मित्रांनो, सहा वर्षांपूर्वी बाई गेल्या. त्यांचा मुलगा अनंतराव काही वाईट माणूस नव्हे. आईवर त्यांचा फार जीव. तिची आठवण राहावी म्हणून त्यांनी मला पॉलिश करवलं, तिच्या नावाची पाटी ठोकली आणि माझ्या आखूड पायाखाली रबराची चकती बसवली. त्या दिवसापासून माझा आवाज बंद झाला.

दर रविवारी अनंतरावांचं कुटुंब माझ्यावर बसू लागलं. आईचाच बाक ना! ते पाहून बाकीच्या घरांनीही एकेका बाकावर आपापल्या वाडवडिलांच्या नावाच्या पाट्या लावल्या. पूर्वी लोक विचारायचे, नवीन कोण आलंय? आता विचारतात, आमच्या जागेवर कोण बसलंय?

मागच्या उन्हाळ्यात, उपासना चालू असताना एक म्हातारा माणूस दारात उभा राहिला. पांढरा सदरा, हातात हळद लावलेली पत्रिका. मी रुपरावांना लगेच ओळखलं. ते पूर्वीसारखेच माझ्यावर टेकायला वाकले.

अनंतराव हळूच म्हणाले, "दादा, ही आमच्या फॅमिलीची जागा आहे. जरा मागे उभे राहता का?"

"बाई कुठी हायेत?"

"श्श! नंतर बोलू."

रुपरावांनी स्टुलाकडे पाहिलं. त्यावर फुलदाणी होती. एक गाणं संपेपर्यंत ते भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी त्यांच्या हातात पुस्तक दिलं नाही. मग त्यांनी पत्रिका माझ्या कडेला ठेवली आणि निघून गेले.

उपासना संपल्यावर अनंतरावांनी पत्रिका उचलली. वर लिहिलं होतं, 'प्रेमलताबाई नर्स, सहकुटुंब.' ते फाटकापर्यंत धावले. रस्त्यावर ट्रकांशिवाय काही नव्हतं.

पत्रिकेवरचा पत्ता पाहून पायलच्या लग्नाला अनंतराव सावनेरला जाऊन आले. पुढच्या रविवारी ते माझ्याजवळ उभे राहून सिंधूताईंना सांगत होते. सिंधूताई म्हणजे बाईंची जुनी मैत्रीण. "ताई, त्यांनी मला सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसवलं. म्हणाले, बसा, बाईंचे पोरगे तुम्ही. आई गेल्याचं सांगितलं तर म्हणाले, मले त्या दिवशीच समजलं. बाई असत्या त मी उभा राह्यलो नसतो."

सिंधूताई म्हणाल्या, "तुह्या मायचं नाव त लावलं बापा, पन तिची जागा हा बाक नोहे. तिची जागा ते स्टूल होतं."

त्या दिवसापासून अनंतरावांचं कुटुंब पुढे बसतं आणि मी रिकामा असतो. पण मित्रांनो, रिकामा पडलेला बाक वेगळा आणि कुणासाठी तरी राखलेला बाक वेगळा. स्टुलावर अजून फुलदाणीच आहे. दारातून कुणी डोकावलं, तर त्याला 'या' म्हणणारं कुणी नाही. तो पाठमोरी डोकी पाहतो आणि निघून जातो.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला जपा. मी उलटं मागतो. मला इतकं जपू नका. पॉलिश गेलं तर जाऊ द्या, घामेजलेल्या पाठी माझ्यावर टेकू द्या. ती फुलदाणी उचला आणि तुमच्यापैकी कुणीतरी त्या स्टुलावर बसा. आणि माझ्या पायाखालची ती चकती तेवढी काढून टाका. मला पुन्हा एकदा 'टक्' म्हणायचं आहे.