मुलाखत खोलीतला गज

१९३४ सालचा ऐन उन्हाळा. तेव्हा मी घडलो. मी गज. एका मोठ्या तुरुंगाच्या मुलाखत खोलीतला.

मला घडवलं एका कैदी लोहारानं. तो मला कानशीनं घाशीत बसायचा. मुकादम चिडला, दागिना घडवतोस का म्हणाला. लोहारानं मान वर केली नाही. "याला आया धरणार आहेत," म्हणाला.

तेव्हा चार बराकी होत्या. पुढे वाढत गेल्या. सुतारशाळा आली, माग आले, दवाखाना आला. भिंत दोनदा उंच केली. माणसं कमी झाली नाहीत. मला दर वर्षी काळा रंग देतात. हात लागतात तिथला महिन्याभरात उडतो.

माझ्या दोन्ही बाजूंनी लोक खोटं बोलतात. आतला म्हणतो, पोटभर मिळतं. बाहेरचा म्हणतो, आईला आता बरं आहे. दोघांनाही ठाऊक असतं. मी कुणाला दोष देत नाही.

दोन भाऊ मात्र लक्षात राहिले. गुन्हा थोरल्याचा. भांडणात त्याच्या हातून माणूस गेला. त्याची बायको वारलेली, पदरात दोन लहान पोरी. म्हणून धाकट्यानं गुन्हा अंगावर घेतला. जन्मठेप झाली. बोली एवढीच होती: पोरी आपल्या पायावर उभ्या राहिल्या की थोरल्यानं पुढे यायचं.

थोरला दर महिन्याला यायचा. पोरींचं सांगायचा. शाळा, ताप, परीक्षा. मग हळूहळू पोरींचं बोलेना. छपराचं सांगायचा, गाभण गाईचं सांगायचा. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणायचा, तुमच्या घरात माणसांपेक्षा गुरंच जास्त दिसतात. धाकटा हसायचा नाही. मला घट्ट धरून उभा राहायचा.

एकदा त्यानं विचारलंच.

"दादा, धाकटी काय करते?"



"नर्स झाली. तीन वर्षं झाली."

"मग?"

"भ्यालो रे."

धाकट्यानं मला सोडलं. वेळ शिल्लक होता, तरी पाठ फिरवून आत गेला.

दुसऱ्याच दिवशी थोरला आपल्या पायांनी चौकीवर गेला. खटला पुन्हा उभा राहिला. बराच लांबला.

निकालानंतरच्या हिवाळ्यात दोघे पुन्हा माझ्यापाशी आले. थोरला आतल्या बाजूला होता, धाकटा बाहेरच्या. धाकट्याचे केस पिकले होते. थोरल्यानं मला दोन्ही हातांनी धरलं.

"फिटलं का रे?"

"फिटलं, दादा."