समजावून सांगितल्याचा शिक्का

मी एक शिक्का आहे. रबराचा, लाकडी मुठीचा, आता कडा झिजलेला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीमागच्या टेबलावर मी नऊ वर्षं राबतो आहे. मित्रांनो, तुम्ही आजवर छत्रीचं, नाण्याचं, फाटक्या पुस्तकाचं मनोगत ऐकलं असेल. ती सगळी बिचारी गोड बोलतात. मला गोड बोलता येणार नाही. मी चिडलेला आहे, आणि का चिडलोय ते कळायला आधी माझ्या अंगावर कोरलेलं वाक्य ऐका: 'रुग्णास त्यांच्या भाषेत समजावून सांगितले.' मला हे एवढंच बोलता येतं. दुसरं काही म्हणायची सोय माझ्या अंगावर नाही.

माझा जन्म सोलापुरातल्याच सात रस्ता चौकाजवळच्या एका लहानशा दुकानात झाला. त्याचं कारण असं की, दवाखान्याच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, "पेशंटला समजावून सांगता म्हणता, मग कागदावर पुरावा कुठाय?" म्हणून मला करून घ्यायचं ठरलं. ऑर्डर द्यायला दवाखान्यातल्या प्रभा सिस्टर स्वतः आल्या. दुकानदाराने चिठ्ठीवरचं वाक्य वाचलं आणि चष्मा वर सरकवला.

"सिस्टर, एवढ्या भाषा हायत तुमच्याकडं. हे खरं करायचं म्हणजे लई काम की."

"म्हणून तर जवळ बाळगायचाय," सिस्टर म्हणाल्या. "मारायच्या आधी वाचायला."

आणि त्या खरंच वाचायच्या. आमच्या दवाखान्यात विड्या वळणाऱ्या तेलुगू बायका येतात, दखनी उर्दू बोलणारी माणसं येतात, अक्कलकोटकडून लेकीकडे राहायला आलेल्या कानडी म्हाताऱ्या येतात. प्रभा सिस्टरांना तेलुगू चांगलं यायचं. कानडी यायचं नाही, तर त्या दारावरच्या बसप्पा शिपायाला आत बोलवायच्या. शिवबाई नावाची एक म्हातारी साखरेच्या आजाराच्या गोळ्या न्यायला यायची. तिला गोळी जेवणाआधी घ्या, उपाशी राहणार असाल त्या दिवशी घेऊ नका, असं बसप्पाच्या तोंडून सांगून झालं की सिस्टर म्हणायच्या, "आता त्यांना म्हणावं, तुम्ही मला सांगा."

शिवबाई पदर सावरून कानडीत काहीतरी सांगायची आणि बसप्पा हसायचा. "सिस्टर, म्हातारी म्हणती, सोमवारी माझा उपास असतोय, मग सोमवारी गोळी न्हाय. बरोबर हाय का?"

"अगदी बरोबर."

मग कुठे मला शाईच्या गादीवर टेकवलं जायचं. त्या दिवसांत मी कागदावर उमटायचो तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटायचं, हे कबूल करतो. दिवसाला साठ-सत्तर कागद, आणि प्रत्येक कागद खरा. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी एकदा मला हातात घेऊन "वा, छान कल्पना आहे" असं म्हटलंसुद्धा होतं. मी तेव्हा फुशारलो होतो.

पुढे प्रभा सिस्टरांची बदली करमाळ्याकडे झाली. बसप्पा निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कंत्राटी माणूस आला, तो फक्त गाड्या सरळ लावायला. वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या, तेलुगू बोलणाऱ्या आशा सेविका होत्या, पण दवाखान्याच्या वेळेत त्यांना कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणाला पिटाळलेलं असायचं. आणि मी आलो केसपेपर काढणाऱ्या नंदूच्या हातात.

नंदू वाईट माणूस नाही. तीन माणसांचं काम तो एकटा करतो आणि त्याला रोज शिव्या खाव्या लागतात. पण त्याने काय केलं ते मी झाकून ठेवणार नाही. सकाळी खिडकी उघडायच्या आधी तो कोऱ्या केसपेपरांची चळत पुढ्यात घ्यायचा आणि धाडधाड मला शंभर कागदांवर मारून ठेवायचा. म्हणजे पेशंट अजून घरी चहा पीत असायचा, आणि मी त्याला त्याच्या भाषेत समजावून मोकळा झालेला असायचो! डॉक्टरांना हे दिसायचं, नव्या सिस्टरना दिसायचं. कुणी एक अक्षर बोललं नाही. मी लाकडाचा आणि रबराचा, मला नंदूचा हात आवरता येत नाही. त्यांना येत होता.

आता धनलक्ष्मीचं सांगतो.

ती तेलंगणातून लग्न होऊन आलेली, बावीस वर्षांची. सातवीपर्यंत शिकलेली, पण तेलुगूत. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, सासू नरसव्वा विड्या वळणारी, आणि आल्यापासून हीसुद्धा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसलेली. पहिलटकरीण होती. सातव्या महिन्यात ती तपासणीला आली तेव्हा तिचं ब्लडप्रेशर फार वाढलेलं निघालं. एरवी बरोबर नरसव्वा असायची, तिला मराठी येतं. पण त्या दिवशी ती वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेली होती. धनलक्ष्मी एकटीच होती.

डॉक्टर घाईत होते. बाहेर पन्नास जण उभे. त्यांनी गोळ्यांची पट्टी तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "रोज दोन वेळा. चुकवायची नाही. आणि डोकं दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, तर लगेच इकडं यायचं. लगेच. कळलं?" बोलताना त्यांनी स्वतःच्या डोक्याला हात लावला, डोळ्यांपुढे बोटं नाचवली आणि पट्टीवर बोट ठेवलं. धनलक्ष्मीने मान हलवली. मित्रांनो, डॉक्टर विचारतोय आणि मागे रांग ढकलतेय, अशा वेळी कोण मान हलवत नाही?

तिला काय कळलं, ते पुढे नरसव्वाच्या तोंडून ऐकलं. डोकं, डोळे, आणि गोळ्या. म्हणजे या डोकेदुखीच्या गोळ्या. डोकं दुखेल तेव्हा घ्यायच्या.

आठ दिवस तिचं डोकं दुखलं नाही, म्हणून तिने आठ दिवस गोळी घेतली नाही. नवव्या दिवशी दुखलं, तेव्हा एक घेतली. पाय सुजले होते, ते बसून बसून सुजले असं घरात सगळ्यांना वाटलं. बाराव्या दिवशी सकाळी डोकं फुटायला आलं आणि डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर तिने दोन गोळ्या एकदम घेतल्या, कपाळाला फडकं घट्ट बांधलं आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. दवाखाना तिच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे आहे. दुपारी तिला झटके आले. रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. पोटातली मुलगी गेली.

मला सांगा, काय हवं होतं? परदेशातून आणलेलं यंत्र नको होतं. बाहेरच्या बाकावर त्या क्षणी बसलेल्या बायकांपैकी निम्म्यांना मराठीही येत होतं आणि तेलुगूही. आठ पावलांवर होत्या त्या! "जरा कुणीतरी आत या" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? ते कुणाच्या मनात आलं नाही, कारण कागदावर काम आधीच झालेलं होतं. ते मी केलं होतं.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. चौकशीला आलेल्या साहेबांनी धनलक्ष्मीचा केसपेपर मागवला. त्यावर मी होतो, निळाशार, ठसठशीत. साहेबांनी माझ्यावर बोट ठेवलं.

"हे बघा, समजावून सांगितलेलं आहे. पेशंटनेच गोळ्या नियमित घेतल्या नाहीत."

नरसव्वा हात जोडून उभी होती. "सायेब, तिला मराटी येत न्हाय. त्या दिवशी मी न्हवते संगं. तिला कुणी सांगिटलं, कोनत्या भाषेत सांगिटलं, तेवडं विचारा की यांना."

"आजी, इथं लिहिलंय ना, त्यांच्या भाषेत म्हणून."

"लिवलंय व्हय?" नरसव्वा कागदाजवळ वाकली. तिला वाचता येत नव्हतं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. अहवालात लिहिलं गेलं: रुग्णाने सल्ला पाळला नाही. एका बाईचं मूल गेलं आणि दोषही तिच्याच पदरात टाकला, माझी साक्ष काढून. त्या टेबलावर मी जळून का गेलो नाही, असं मला आजही वाटतं.

बरं, नंतर सुधारणा झाली, नाही असं नाही. सुधारणा काय, तर आणखी एक शिक्का आला! त्यावर कोरलंय: 'मला सर्व समजले आहे.' खाली अंगठ्यासाठी चौकोन. तोही नंदूच्या हाताने सकाळीच माझ्या शेजारी उमटू लागला. पेशंटने खिडकीशी यायचं, आधी अंगठा द्यायचा, मग डॉक्टरांकडे जायचं. म्हणजे आता खोटं बोलण्यात पेशंटलाही सामील करून घेतलं.

दोन महिन्यांनी धनलक्ष्मी ब्लडप्रेशर तपासायला आली. बरीच वाळली होती. नंदूने कागद सरकवला, शाईची गादी पुढे केली. "अंगठा लावा इथं."

"इदि एमिटि?" हे काय, असं तिने विचारलं.

"अंगठा, अंगठा," नंदू जरा मोठ्याने म्हणाला. न कळणाऱ्याला ऐकूही येत नाही, असं इथे सगळ्यांनाच वाटतं.

रांगेत तिच्या मागे पद्माक्का होती, तीही विड्या वळणारी. तिने वाकून कागद वाचला आणि तेलुगूत धनलक्ष्मीला सांगितलं की, यावर लिहिलंय, तुला सगळं समजलं. धनलक्ष्मीने हात मागे घेतला. मग ती बोलली, आणि दवाखान्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलली.

"नाकु एवरू चेप्पलेदु!"

"काय म्हणतेय?" नंदूने विचारलं.

"ती म्हणती, मला कुणीच सांगिटलं न्हाय," पद्माक्का म्हणाली. "आनि मी बी अंगठा देणार न्हाय. आदी सांगा, मग घ्या."

रांगेतल्या बायकांनी एकेक करून हात पदराखाली घेतले. गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी धनलक्ष्मीला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते तिच्यासमोर बाकावर बसले. ते एकेक वाक्य बोलले आणि पद्माक्काने ते तेलुगूत सांगितलं: गोळी कशाची, किती वेळा, दुखलं नाही तरी का घ्यायची, पुढच्या बाळाच्या वेळी काय जपायचं. मग धनलक्ष्मीने ते सगळं आपल्या शब्दांत परत सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं झाली होती.

शेवटी तिने एक प्रश्न विचारला. पद्माक्काने तिचा हात हातात घेतला. डॉक्टर म्हणाले, "सांगा ना, काय विचारतेय?"

"ती विचारती, हे असंच तवा सांगिटलं असतं तर पोरगी वाचली असती का?"

डॉक्टरांनी धनलक्ष्मीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. बहुतेक वाचली असती."

पद्माक्काने ते तेलुगूत सांगितलं. धनलक्ष्मीने गोळ्या पिशवीत ठेवल्या आणि ती घरी गेली.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला जपून ठेवा, असलं काही मी मागणार नाही. मला खुशाल भंगारात टाका. पण उद्या तुमची आई, आजी, शेजारची काकू दवाखान्यात निघाली आणि तिथली भाषा तिला येत नसेल, तर तिच्याबरोबर जा, किंवा दोन्ही भाषा येणारं कुणीतरी शोधून तिच्याबरोबर धाडा. सांगितलेलं तिच्याच तोंडून परत वदवून घ्या. आणि त्याआधी कुणी घाईने मला उचललं, तर मोठा माणूस आहे म्हणून घाबरू नका. त्याचा हात धरा.